कवडीचं सातवं घर

गजराबाईनं मांजरासाठी घर केलं, ही बातमी द्वारकाबाईला सुनेच्या तोंडून कळली. जावेचं कौतुक सुनेच्या तोंडून ऐकावं लागणं म्हणजे एका दगडात दोन टेंगळं. राजेश्वरी ओट्यापाशी भांडी घासता घासता म्हणाली, मम्मी, काकूंनी कवडीसाठी काय छान घर केलंय, जाऊन बघा तरी. सून मम्मी म्हणते हेच द्वारकाबाईला अजून पचलं नव्हतं, आणि त्यात हे 'छान' येऊन पडलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि तोंडात न घालता हातातच धरून ठेवला.

"मांजर कुणाची?"

"आपलीच की."

"मग घर कुणी करायचं?"

राजेश्वरी पुन्हा भांड्यांकडं वळली. वळणारच. दीड वर्षापूर्वी लेकानं, दिग्विजयनं, जुनं मातीचं माळवद पाडून स्लॅबचं घर बांधलं, खाली गुळगुळीत फरशी आणली, वर पंखे फिरवले, आणि सोफ्यावर केस पडतात म्हणून कवडीला बाहेर काढलं. बाहेर काढा असं राजेश्वरी म्हणाली होती हे खरं, पण तेव्हा द्वारकाबाईनं मान हलवली होती हेही तितकंच खरं. नव्या फरशीचा डौल तिलाही होता. मग आश्विनात परतीचा पाऊस चार दिवस बसून राहिला. कवडी सोयाबीनच्या ढिगावरच्या ताडपत्रीखाली व्याली होती. तीनही पिल्लं गारठून गेली. द्वारकाबाईनं स्वतःच्या हातानं लिंबाच्या बुडाशी खड्डा केला आणि कुणाला सांगितलं नाही. पण गावात न सांगितलेली गोष्ट आधी पोचते. आणि आता माघात कवडीचं पोट पुन्हा जमिनीला टेकायला आलं होतं, आणि घर केलं होतं गजरेनं.

कुणी म्हणेल, मांजरापायी एवढा जीव कोण जाळतं. ज्याला असं वाटतं त्यानं जावाजावांचं घर पाहिलेलं नाही.

कवडी साधी मांजर नव्हती. पांढऱ्या अंगावर काळे-पिवळे ठिपके म्हणून कवडी, पण तिचा वेल जुना. द्वारकाबाईच्या सासूनं स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माहेराहून, नळदुर्गाकडून, जोंधळ्याच्या पोत्यात घालून एक मांजर आणली होती. त्या मांजरीच्या पोटची एक, मग तिच्या पोटची, अशा वेलातली ही. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा मधोमध भिंत आली, थोरल्या बब्रुवानाकडं, म्हणजे द्वारकाबाईच्या नवऱ्याकडं, अलीकडचं घर, धाकट्या धनाजीकडं, गजराबाईच्या नवऱ्याकडं, पलीकडचं. सासू आणि मांजर दोघी द्वारकाबाईकडं आल्या. तीस वर्षं तिनं सासूचं केलं. शेवटी अंथरूण धरल्यावर तर म्हातारीला पुढच्या खोलीत, रस्त्याच्या दारासमोर कॉटवर ठेवलं. रोज धुतलेलं लुगडं, रोज तेल-फणी. जाणारा-येणारा डोकावायचा आणि म्हणायचा, सासू ठेवावी तर द्वारकाबाईनं.

आणि एका सकाळी म्हातारी म्हणाली, मला धाकटीकडं न्या. का, ते सांगितलं नाही. न्यावं लागलं. वीस दिवसांनी गजराबाईच्या मांडीवर तिचा जीव गेला. इकडं तीस वर्षं, तिकडं वीस दिवस, आणि गावानं ध्यानात काय ठेवलं? मांडी.

तेराव्याचं जेवून द्वारकाबाई त्या घराच्या उंबऱ्याबाहेर पडली ती अकरा वर्षं परत आत गेली नाही. पण त्याच तेराव्याला एक गोष्ट घडली. म्हातारीमागं गेलेली मांजर, म्हणजे या कवडीची आजी, भिंतीवरून उडी मारून परत आली आणि द्वारकाबाईच्या दारात पाय पोटाशी घेऊन बसली. द्वारकाबाईनं ते बारा घरी सांगितलं. माणसाला कळत नाही ते मुक्या जीवाला कळतं, म्हणाली. त्या एका मांजरीवर तिनं अकरा वर्षं मान ताठ ठेवली होती. आता तिची नातही भिंतीपलीकडं निघाली, तर मान कशावर टेकायची?

जेवण तसंच ठेवून ती शेवया वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर गेली. शेवया काही केलेल्या नव्हत्या. रिकामं सूप घेऊन ती कठड्यापाशी उभी राहिली आणि खाली गजराबाईच्या परसात बघितलं.

निळं प्लास्टिकचं टिपाड आडवं टाकलं होतं. फवारणीच्या औषधाचं नव्हे, लोणच्याचं, म्हणजे विषाचा वास नको. जमिनीवर नव्हे, चार विटांवर, म्हणजे खालून ओल चढणार नाही. तोंडाकडं किंचित उतरतं, म्हणजे पाणी गेलंच तर साचणार नाही. झाकणाला वीतभर गोल भोक, कुत्र्याचं मुंडकं शिरू नये एवढं, आणि त्याच्या कडा विस्तवावर गरम केलेल्या उलथन्यानं वळवून गुळगुळीत केलेल्या. वर दोन पदरी गोणपाट, त्यावर कडब्याच्या पेंढ्या, त्यावर दगड. गजराबाई वाकून आत भरत होती ते कापड नव्हे. नुसतं सोयाबीनचं वाळलेलं भुस्कट, कारण कापड ओल धरतं आणि भुस्कट धरत नाही. आणि सगळ्याचं तोंड घराच्या मागच्या भिंतीकडं, हातभर अंतर सोडून. वारा भिंतीला धडकणार आणि परत जाणार.

द्वारकाबाईनं वरून एक एक गोष्ट तपासली. खोट सापडेना. याहून वाईट दुसरं काय असतं.

गजराबाईनं वर पाहिलं. "अक्का, या की खाली. बघा कसं झालंय."

"मला कामं हायत," द्वारकाबाई म्हणाली, आणि मग न राहवून पुढं म्हणाली, "तोंड भिंतीकडं कशाला केलंय? चोरून बसवलीयास व्हय तिला?"

गजराबाई नुसती हसली. तिची ही जुनी खोड. टोमणा मारला तर तो अंगावर घेऊन खुशाल पदराला पुसायची. टोमणा मारणाऱ्याचंच तोंड कडू.

दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईनं नळदुर्गाहून शंभुलिंगाला बोलावणं धाडलं. शंभुलिंग हायवेवर ट्रकचे फाळके वेल्डिंगनं जोडायचा, गावात कुणाचं लोखंडी दार-खिडकी असलं तर तेही करायचा. त्याला वाटलं गेट असेल. मांजराचं घर म्हटल्यावर त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. द्वारकाबाईनं काडीनं जमिनीवर आखून दाखवलं. चारी बाजूंनी पत्रा, वर दोन्ही अंगांनी उतरतं छप्पर, छपरावर कळस, आणि दार कमानीचं, चांगलं हातभर उंच, रस्त्याकडं तोंड करून.

शंभुलिंग कामात पक्का माणूस. त्यानं सांगून पाहिलं, की मावशी, पत्रा उन्हात तापतोय, थंडीत गारठतोय, आणि वरून काही पडलं तर ढोलासारखा वाजतोय. आतून थर्माकोल लावू, दार बारीक करू, तोंड आडोशाला घेऊ. द्वारकाबाईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझ्या घराचं दार कुणीकडं आहे? रस्त्याकडं, तो म्हणाला. मग माझ्या मांजरीनं काय पाप केलंय, ती म्हणाली. शंभुलिंगानं टोपी परत घातली.

चार दिवसांत घर उभं राहिलं. दिग्विजयच्या गेटचा हिरवा रंग उरला होता तो लावला. आत नवी गोधडी अंथरली. बब्रुवान ओसरीवर बसून सगळं बघत होता. आयुष्यात बायकोपुढं चार शब्द एका दमात बोलल्याचं कुणाला आठवत नाही, पण त्या दिवशी बोलला. म्हणाला, आपल्या लग्नाच्या मांडवाला एवढा पत्रा नव्हता.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. ट्रॅक्टरवाला थांबला, दूधवाला थांबला, शाळेच्या बाई थांबल्या आणि त्यांनी फोटो काढला. द्वारकाबाई खुर्ची टाकून बसायची आणि जो थांबेल त्याला कळस दाखवायची. कळस शेजारच्या शिवलिंगअप्पांच्या मोडक्या पंख्याच्या टोपणाचा होता, हे मात्र सांगायची नाही.

सगळ्यांनी घर पाहिलं. कवडी तेवढी आली नाही.

ती गजराबाईच्या टिपाडातही गेली नाही, हा एक जीवाला गारवा. कवडी व्याली पलीकडच्या आळीतल्या सिद्धलिंगाच्या गोठ्यात, गव्हाणीच्या मागं. चार पिल्लं. आणि मग सुरू झाली तिची फेरी.

मांजर पिल्लांना सात घरं दाखवते, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. पण द्वारकाबाईच्या सासूचं त्यापुढचं म्हणणं होतं, की सातव्या घरी पिल्लांचे डोळे उघडतात आणि ज्या घरी डोळे उघडले त्या घरचा तो वेल होतो. म्हणून द्वारकाबाई मोजायला लागली. सिद्धलिंगाचा गोठा, एक. तिसऱ्या दिवशी कवडी पिल्लांना मानेला धरून सिताबाईच्या सरपणाच्या खोलीत घेऊन गेली, दोन. सिताबाईनं सरपण काढलं तशी पिठाच्या गिरणीच्या मागं, तीन. तिथून वाचनालयाच्या बंद खोलीत, खिडकीच्या फुटक्या काचेतून, चार. द्वारकाबाई दळणाला गेली तरी आधी गिरणीमागं डोकवायची, देवाला गेली तरी आधी वाचनालयाशी थांबायची. राजेश्वरीला वाटलं मम्मीला आता वाचायचा नाद लागला.

पाचवं घर मारुतीच्या देवळामागची सामानाची खोली. देवळाला घर धरायचं का, यावर द्वारकाबाईनं रात्री अंथरुणात विचार केला आणि देव राहतो तर घरच म्हणायचं असं ठरवलं.

आता तिचा जीव टांगणीला लागला. सातवं आपलं पडायचं तर सहावं दुसऱ्या कुणाचं तरी पडायला हवं. आणि ते गजरेचं पडलेलं चालेल, उलट फार बरं. गजरेच्या टिपाडात दोन रात्री काढायच्या आणि तिथून उठून, सगळ्या गावादेखत, हिरव्या कमानीतून आत यायचं. हे चित्र तिनं इतक्या वेळा मनात रंगवलं की हिरवा रंग संपत आला.

पण मांजर माणसाचं ऐकत नाही. शिवरात्र जवळ आली, देवळामागची खोली मांडवाचं सामान काढायला उघडली, आणि त्याच दुपारी कवडी एक एक पिल्लू तोंडात धरून रस्ता ओलांडून आली आणि नीट कमानीतून आत गेली. द्वारकाबाई खुर्चीत होती. तिनं श्वासही मोठ्यानं घेतला नाही. चौथं पिल्लू आत गेल्यावर ती उठली, दूध-भाकरी कुस्करून ठेवली, बाजारातली सुकट ठेवली, आणि मग तिच्या ध्यानात आलं, की हे सहावं. एक घर कमी पडलं.

होईल ते होईल, म्हणाली. डोळे काय, मोजून उघडतात थोडेच? इथंच उघडतील. आणि उघडायच्या आत गावाला दाखवून टाकलं की झालं.

तिनं बारसं घातलं. मांजराच्या पिल्लांचं बारसं गावात कुणी ऐकलं नव्हतं, पण द्वारकाबाईनं बोलावल्यावर न येण्याची हिंमत नव्हती. आठ-दहा बायका आल्या. हळदी-कुंकू झालं, पत्र्याला कुंकवाची बोटं ओढली. बायका वाकून वाकून कमानीतून आत बघत होत्या, पिल्लं डोळे मिटून एकमेकांच्या अंगावर चढत होती आणि कवडी आतल्या कोपऱ्यात पाठ लावून सगळ्यांकडं बघत होती. कान मागं. बायकांनी ते बघितलं, द्वारकाबाईनं बघितलं नाही. ती भिंतीपलीकडच्या दाराकडं बघत होती. गजराबाईला तिनं मुद्दाम राजेश्वरीकरवी निरोप धाडला होता, यायलाच पाहिजे म्हणून. सगळा घाट त्या एका माणसासाठी तर होता.

गजराबाई आली नाही. तिनं घुगऱ्या करून धाडल्या, डबा भरून, खोबरं घालून, आणि डब्यासोबत निरोप. राजेश्वरीनं तो भर बायकांत जसाच्या तसा सांगितला. काकू म्हणाल्या, आज गर्दीत नको, मांजर बुजेल. आभाळ आलंय, घराचं तोंड भिंतीकडं फिरवा आणि पत्र्यावर गोणपाट टाका, माझ्याकडं चार पोती वाळलेली आहेत, देऊ का.

बायका घुगऱ्या खात खात एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातली एक म्हणाली, घुगऱ्या मात्र लई चांगल्या झाल्यात.

द्वारकाबाईचं डोकं फिरलं. सुनेला म्हणाली, सांग तुझ्या काकूला, पोती तिच्या टिपाडावरच राहू दे, रिकाम्या घराला आधार लागतो. बायका हसल्या. निरोप गेला. द्वारकाबाईला त्या दिवशी झोप छान लागली.

गारा पडल्या त्या दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी. पश्चिमेकडून आभाळ निळं-काळं होत आलं, वारा उठला, ज्वारीच्या उभ्या ताटांवर लाट गेली, आणि पाऊस न येता एकदम गाराच आल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बब्रुवान आत पळाला. द्वारकाबाई ओसरीच्या खांबापाशी उभी राहिली.

हिरव्या पत्र्यावर गारा पडत होत्या आणि असा आवाज होत होता की कुणी डंपरनं खडी ओततंय. पहिल्या दणक्यालाच कवडी बाहेर आली. शेपूट फुगलेलं. परत आत गेली, एक पिल्लू तोंडात धरलं आणि भिंतीच्या कडेकडेनं धावत पलीकडं नाहीशी झाली. द्वारकाबाईला ठाऊक होतं पलीकडं काय आहे. कवडी परत आली, दुसरं नेलं. परत आली. तिच्या पाठीवर गार बसली तशी ती जमिनीला चिकटली, पण तिसरं पिल्लू तोंडातून सोडलं नाही. ते नेलं. मग आली नाही.

एक राहिलं होतं.

वारा नेमका रस्त्याकडून होता. हातभर उंच कमानीतून गारा सरळ आत जात होत्या, उसळत होत्या, मागून आलेल्या पावसाची धार आत वळली होती. नवी गोधडी भिजून काळी पडली. चौथं पिल्लू सरपटत कमानीशी आलं. ते तोंड उघडत होतं, पण पत्र्याच्या आवाजात त्याचा आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडताना दिसत होतं.

आणि इथं द्वारकाबाईच्या मनात काय आलं ते सांगितलंच पाहिजे, नाही तर गोष्ट खोटी होईल. तिच्या मनात आलं, की राहू दे. एक इथं राहिलं तर कवडीला परत यावंच लागेल. आई कुठं जाते. तीन तिकडं असली तरी एकापायी ती येईल, आणि आली की मग बाकीचीही आणेल. खांबाला धरून ती तेवढ्यासाठी थांबली. कितीसा वेळ? पाच-पन्नास गारा पडल्या असतील. पिल्लाचं तोंड उघडायचं थांबलं. ते नुसतं मान टाकून पडलं, आणि द्वारकाबाईला लिंबाच्या बुडाचा खड्डा दिसला.

तिनं ओसरीवरची पितळी परात उचलली, डोक्यावर पालथी धरली आणि अंगणात उतरली.

परातीवर पहिली गार पडली आणि तिचे कान फुटायचे बाकी राहिले. ओसरीवरून तो आवाज निराळा होता. खालून, डोक्याशी, निराळा. दात वाजत होते त्यानं. चार पावलांत तिला वाटलं परात फेकून द्यावी आणि गारा डोक्यावर घ्याव्या. तिनं वाकून कमानीत हात घातला, पिल्लू उचललं, पदरात गुंडाळून पोटाशी धरलं. ते मूठभर होतं आणि थंडगार होतं. स्वतःच्या घराचं दार दहा पावलांवर होतं. पण तिथं गेल्यावर या जीवाला काय देणार होती ती, फरशी? ऊब भिंतीपलीकडं होती. ती भिंतीच्या कडेकडेनं, कवडी गेली त्याच वाटेनं निघाली.

अकरा वर्षांनी ज्या उंबऱ्यात पाय ठेवायचा, तिथं काही बोलून ठेवावं असं तिनं कितीदा ठरवलं होतं. बोलणं चांगलं घोटूनही ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. गजराबाई दारातच उभी होती. तिनं परात घेतली, पिल्लू घेतलं, वाळल्या गोणपाटानं खसाखसा पुसलं, उपडं करून पाठ चोळली, चुलीच्या उबेला धरलं, पुन्हा चोळलं. बराच वेळ काही नाही. मग पिल्लू शिंकलं. गजराबाई परसदारानं गेली, सज्जाखालून हात लांब करून तिनं ते टिपाडाच्या भोकातून आत सरकवलं.

द्वारकाबाई मागच्या दारात टेकून बसली. तिथून टिपाड चार हातांवर होतं. गारा त्याच्यावर पडत होत्या आणि गोणपाटात, कडब्यात नुसत्या गप् गप् बुडत होत्या. तिनं कान देऊन ऐकलं. आतून कवडीची घुरघुर येत होती.

"तुला कसं सुचलं हे," ती म्हणाली. विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

"मला कुठलं सुचतंय, अक्का. आत्यांमुळं कळलं." म्हातारीला दोघी जावा आत्याच म्हणायच्या. "त्यास्नी शेवटाला माणसांची वर्दळ सोसंना. इथं आल्या तवा पहिलं काय म्हनल्या असतील तर, माजं तोंड भिंतीकडं कर. आजारी माणूस नि व्याली मांजर, दोगींना कोपरा लागतो."

 रस्त्याच्या दारासमोरची कॉट द्वारकाबाईच्या डोळ्यांपुढं आली. धुतलेलं लुगडं, तेल-फणी, आणि दिवसभर डोकावणारी माणसं. म्हातारी डोळे मिटून पडलेली असायची. द्वारकाबाई सांगायची, झोपल्यात.

"मला का न्हाय म्हनल्या त्या?"

"तुमी लई हौसेनं ठेवलं व्हतं. कसं म्हनतील?"

गारा थांबल्या. परसात सगळं पांढरं झालं होतं. गजराबाईनं चुलीत काडी सारली आणि सहज बोलल्यासारखं करून बोलली, पण द्वारकाबाई अकरा वर्षं कान टवकारून होती, तिला त्यातली धार बरोबर कळली.

"सातवं झालं बगा, अक्का. सिद्धलिंगाचा गोठा, सिताबाई, गिरणी, वाचनालय, देऊळ, तुमचं सहावं, नि हे सातवं. परवापर्यंत डोळे उघडतील."

म्हणजे तीही मोजत होती. भिंतीपलीकडं बसून, एक एक घर. टोमणा पदराला पुसणारी गजरा, तीही आतून जळतच होती तर. द्वारकाबाईला टिपाड दिसल्यापासूनचा पहिला खरा आनंद झाला. आणि तो लगेच विरला, कारण हिशोब गजरेचा बरोबर होता. डोळे इथं उघडणार. वेल इथला होणार. सासू गेली तशी मांजर गेली.

ती काही हरायला जन्माला आलेली नव्हती.

"सहाच झाली," ती म्हणाली.

"सहा कशी?"

"माजं नि तुजं एक धर. भिंत आत्यांच्या पोरांनी घातलीय, वरचं माळवद एकच हुतं. आत्या एक, मांजर एक, तर घर दोन कुठनं आलं? सहाच. सातवं अजून व्हायचंय. एवढ्यात नाचू नकोस."

गजराबाईनं चुलीत सारायला घेतलेली दुसरी काडी तशीच हातात राहिली. ती द्वारकाबाईकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर असं काही आलं की द्वारकाबाईला कळेना आपण बोललो काय.

"घर एकच म्हनताव, अक्का?"

"मग. सांगतीय की."

"तर मग मांजर तुमच्याच घरात हाय की ही."

 द्वारकाबाईनं भिंत, परस, टिपाड, चूल, सगळ्यावरून एकदा नजर फिरवली. बोललेलं परत घ्यायची सवय तिला नव्हती. खरं असो खोटं असो, तोंडातून गेलं ते गेलं. तिनं भिजलेला पदर पिळला, नीट खांद्यावर घेतला आणि पुढं होऊन चुलीपाशी पाट ओढला.

"एवढा वेळ झाला भिजून बसलेय," ती म्हणाली. "माज्या घरात मला च्याला कोण इचारणार हाय?"

गजराबाईनं आधण ठेवलं. द्वारकाबाईनं पाट थोडा फिरवला आणि रस्त्याच्या दाराकडं पाठ करून, मागच्या दारातून टिपाडाचं तोंड दिसेल अशी बसली. भोकातून बाहेर आलेला कवडीचा एक कान दिसत होता. तो मागं वळलेला नव्हता.

कप हातात आला. आलं घातलेलं होतं, साखर बेताची होती. राजेश्वरीला जन्मात जमला नाही असा चहा झाला होता, आणि तेही तिला बोचलंच. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, पोत्यावरचे दगड हलक्या हातानं ठेवलेत, वाऱ्यानं हलतील, उद्या येऊन मी नीट लावते.